वायरलेस नेटवर्कवर मॅनेजमेंट आयपी पत्ता कसा शोधावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राउटर, ॲक्सेस पॉइंट किंवा वायरलेस कंट्रोलर यांचे सेटिंग पान उघडण्यासाठी लागणारा आयपी पत्ता सापडत नाही, या एकाच अडचणीविषयी वाचक सतत विचारत असलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न घरगुती राउटरचे असून पुढचे मोठ्या नेटवर्कचे आहेत. पत्ते, आज्ञा आणि पर्यायांची नावे येथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर किंवा फोनवर टाइप करताना मात्र ती रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांतच टाइप करावी लागतात, अन्यथा ब्राउझर त्यांना पत्ता मानत नाही.

१. "मॅनेजमेंट आयपी" म्हणजे नेमका कशाचा पत्ता?

ज्या पत्त्यावर एखाद्या उपकरणाचे सेटिंग पान उघडते किंवा ज्या पत्त्यावर त्याची कमांड लाइन मिळते, तो त्या उपकरणाचा मॅनेजमेंट आयपी होय. गोंधळ होतो तो "त्या उपकरणाचा" या दोन शब्दांपाशी. वायफाय नेटवर्कमध्ये तीन वेगळ्या भूमिका असू शकतात: बाहेरच्या जगाकडे वाट काढून देणारा गेटवे, रेडिओ लहरींवर तुमच्या फोनशी बोलणारा ॲक्सेस पॉइंट आणि अनेक ॲक्सेस पॉइंटना एकत्र सांभाळणारा कंट्रोलर. घरातल्या राउटरमध्ये पहिल्या दोन भूमिका एकाच डब्यात असतात आणि तिसरीची गरज नसते, म्हणून तेथे एकच पत्ता पुरतो. कार्यालयात, वसतिगृहात किंवा रुग्णालयात मात्र तिन्ही उपकरणे वेगळी आणि तिघांचे पत्तेही वेगळे असतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हेच असते, की शोधायचा असतो कंट्रोलर आणि हाती येतो गेटवे. म्हणून आपल्याला या तिघांपैकी कोण हवा आहे, हे आधी ठरवावे. घरगुती राउटर हवा असेल तर प्रश्न २, वेगळा लावलेला ॲक्सेस पॉइंट हवा असेल तर प्रश्न ७ आणि कंट्रोलर हवा असेल तर प्रश्न ११ पाहावा.

२. घरच्या वायफाय राउटरचा पत्ता सर्वांत लवकर कसा सापडेल?

तो तुमच्या फोनला किंवा संगणकाला आधीच माहीत असतो. वायफायला जोडताना राउटरच त्यांना "बाहेर जायचे असेल तर माझ्याकडे या" असे सांगून स्वतःचा पत्ता देतो, आणि तोच "डीफॉल्ट गेटवे" म्हणून नोंदला जातो.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून "आयपीकॉन्फिग" ही आज्ञा द्यावी आणि वायफाय ॲडॅप्टरच्या विभागात "डीफॉल्ट गेटवे" ही ओळ वाचावी. त्या यादीत ब्लूटूथ, आभासी यंत्रे आणि व्हीपीएन यांचेही विभाग असतात. त्यांतला गेटवे वाचून फसू नये. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये वायफायच्या "डिटेल्स" बटणाखाली टीसीपी-आयपी या विभागात "राउटर" असे लिहिलेले असते. आयफोनवर जोडलेल्या नेटवर्कच्या नावापुढील वर्तुळातल्या "आय" चिन्हावर बोट ठेवले की हीच ओळ दिसते. अँड्रॉइडवर जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात "गेटवे" मिळतो, मात्र उत्पादकागणिक तो एखाद्या पायरीने खाली दडलेला असू शकतो. लिनक्सवर "आयपी राउट" ही आज्ञा दिली की "डीफॉल्ट व्हाया" या शब्दांनंतर येणारा पत्ता गेटवेचा असतो.

३. राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता टाकला, तरी पान का उघडत नाही?

लेबलवरचा पत्ता कारखान्यातून निघतानाचा असतो आणि तो बदलण्याची कारणे अनेक असतात. कोणीतरी तो हाताने बदललेला असतो, सेवा देणाऱ्या कंपनीने स्वतःची सेटिंग्ज भरलेली असतात, किंवा राउटरनेच तो बदललेला असतो, कारण मोडेमचा आणि आपला पत्ता एकाच गटात, म्हणजे सुरुवातीचे आकडे सारखे असलेल्या पत्त्यांत, पडतो हे लक्षात आल्यावर काही राउटर आपण होऊन दुसरा गट निवडतात. त्यामुळे लेबलपेक्षा प्रश्न २ मधील पद्धतीवर अधिक विश्वास ठेवावा.

तरीही मूळ पत्ते ओळखीचे असलेले बरे. टीपी-लिंक आणि डी-लिंकमध्ये १९२.१६८.०.१ सर्रास आढळतो, तर टीपी-लिंकच्या काही राउटरमध्ये व लिंक्सिसमध्ये १९२.१६८.१.१ असतो. मायक्रोटिकचा १९२.१६८.८८.१, शाओमीचा १९२.१६८.३१.१ आणि असूसच्या अलीकडच्या राउटरचा १९२.१६८.५०.१ हा ठरलेला असतो. फोनचा किंवा लॅपटॉपचा हॉटस्पॉट वापरत असाल तर आयफोन गेटवे म्हणून १७२.२०.१०.१ देतो आणि विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट १९२.१६८.१३७.१ देतो, या दोन्ही ठिकाणी सेटिंग पान नसते, त्यामुळे ते ब्राउझरमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

४. पत्ता बरोबर आहे, पण ब्राउझर शोधाचे निकाल दाखवतो किंवा नुसताच फिरत राहतो. काय चुकते?

शोधाचे निकाल येत असतील तर ब्राउझरने तो पत्ता न मानता शोधायचा मजकूर मानला आहे. अशा वेळी पत्त्याच्या आधी "एचटीटीपी", कोलन (:) आणि दोन तिरप्या रेघा (//) लिहाव्यात. तेही चालले नाही तर "एचटीटीपीएस" लिहून पाहावे. त्यानंतर येणारी प्रमाणपत्राची सूचना बहुतेक स्थानिक उपकरणांच्या बाबतीत अपेक्षितच असते, कारण ती स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देतात.

पान नुसतेच फिरत असेल तर फोनचा मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. वायफायला इंटरनेट नाही असे वाटले की अँड्रॉइड फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि मग राउटरकडे जायला निघालेली विनंती मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमध्ये हरवते. नवीन राउटर लावताना तर हे हमखास घडते, कारण त्या वेळी त्याला इंटरनेट नसतेच.

५. माझ्या लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो आणि गेटवेची ओळ रिकामी आहे. आता?

याचा अर्थ लॅपटॉपला कोणीही पत्ता दिलेला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतलेला आहे. १६९.२५४ ने सुरू होणारा गट याच कामासाठी राखीव आहे. वायफायचा पासवर्ड स्वीकारला गेला म्हणजे नेटवर्क चालू आहे असे नव्हे. पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद असेल, तिच्याकडचे पत्ते संपलेले असतील किंवा तुमची मागणी तिच्यापर्यंत पोचत नसेल, तर असेच होते. वायफाय एकदा तोडून जोडावे; तेवढ्याने भागले नाही तर केबल लावून पाहावे किंवा लॅपटॉपला हाताने पत्ता द्यावा, ज्याची रीत प्रश्न १७ मध्ये आहे.

६. "माझा आयपी काय" असे सांगणाऱ्या संकेतस्थळावर वेगळाच पत्ता दिसतो. तो टाकला तर राउटर उघडेल का?

नाही. तो इंटरनेटच्या बाजूने दिसणारा सार्वजनिक पत्ता असतो आणि त्या बाजूने सेटिंग पान बंद असणेच योग्य. आतल्या नेटवर्कसाठी १९९६ साली ठरलेले तीन खासगी गट आहेत: १० ने सुरू होणारे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. तुमच्या उपकरणाचा मॅनेजमेंट पत्ता जवळजवळ नेहमी यांतलाच असेल. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काही दिसले तर सेवा देणारी कंपनी एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देत आहे असे समजावे. आतला पत्ता शोधण्यावर त्याचा काही परिणाम होत नाही.

७. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला. तेव्हापासून त्याचे सेटिंग पान गायब झाले आहे. ते कुठे गेले?

ते कुठे गेले हे तुम्ही तो कसा लावला यावर ठरते.

सेटिंगमधून "ॲक्सेस पॉइंट मोड" निवडला असेल, तर बहुतेक राउटर आपला जुना पत्ता सोडून देतात आणि मुख्य राउटरकडून, एखाद्या फोनने घ्यावा तसा, नवा पत्ता घेतात. मुख्य राउटरचे पान उघडून जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी. तिला कोठे "डीएचसीपी क्लायंट", कोठे "लीज" तर कोठे "अटॅच्ड डिव्हायसेस" असे नाव असते. जुन्या राउटरच्या लेबलवरील एमएसी पत्ता, म्हणजे उपकरणाचा बारा अक्षरी ओळखक्रमांक, त्या यादीत शोधला की समोरच त्याचा आयपी मिळतो. ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकून येथे काहीही साधत नाही, कारण गेटवे हा मुख्य राउटर आहे.

मोड न बदलता नुसती डीएचसीपी सेवा बंद करून लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या, पोर्टला केबल जोडली असेल, तर जुना राउटर आपला मूळ पत्ता धरून बसलेला असतो. मग आणखी दोन शक्यता निघतात. मुख्य राउटर १९२.१६८.०.१ वर आणि जुना १९२.१६८.१.१ वर असेल, तर दोघे एकाच तारेवर असूनही तुमचा लॅपटॉप जुन्यापर्यंत पोचत नाही, कारण तो पत्ता लॅपटॉपच्या गटाबाहेरचा ठरतो; लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१ गटातला पत्ता दिला की पान उघडते. दोघेही १९२.१६८.१.१ वर असतील तर प्रकरण अधिक त्रासाचे असते: एकदा एकाचे पान उघडते, एकदा दुसऱ्याचे, आणि मध्येच सगळ्यांचे इंटरनेट अडखळते. त्यावर जुना राउटर नेटवर्कपासून सोडवून, एकट्या लॅपटॉपला जोडून, त्याचा पत्ता बदलणे हाच स्वच्छ उपाय आहे.

केबल जुन्या राउटरच्या वॅन, म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या, पोर्टला गेली असेल तर तो ॲक्सेस पॉइंट झालेलाच नाही. तो राउटरमागचा राउटर आहे. त्याच्या स्वतःच्या वायफायला जोडून घेतल्यावर त्याचे पान पूर्वीच्याच पत्त्यावर मिळेल.

८. नेटवर्कवरील सर्व उपकरणांचे पत्ते एकदम कसे पाहता येतील?

पहिली पसंती नेहमी मुख्य राउटरवरील किंवा डीएचसीपी सर्व्हरवरील यादीला द्यावी, कारण पत्ते ज्याने वाटले त्याच्याकडे त्यांची नोंद असते. मात्र ज्या उपकरणांना हाताने पत्ता दिलेला आहे ती त्या यादीत येतीलच असे नाही, आणि ॲक्सेस पॉइंट व कंट्रोलर यांना नेमका तसाच पत्ता देण्याची पद्धत आहे.

त्यासाठी स्कॅन करावे लागते. "एनमॅप" हे मोफत साधन लॅपटॉपवर बसवून "-एसएन" या पर्यायासह आपला पूर्ण गट दिला की त्यातील जागी असलेली उपकरणे समोर येतात. त्यानंतर "एआरपी -ए" ही आज्ञा दिली तर प्रत्येक आयपी पत्त्यासमोर एमएसी पत्ता दिसतो. एमएसी पत्त्याच्या बारा अक्षरांपैकी पहिली सहा सहसा उत्पादकाची असतात, म्हणून तीस-चाळीस ओळींतून ॲक्सेस पॉइंट वेचून काढणे अवघड जात नाही.

एक चूक वारंवार दिसते. समजा, गेटवे १०.२०.४.१ आहे आणि सबनेट मास्क, म्हणजे गट किती मोठा हे ठरवणारा आकडा, २५५.२५५.२५२.० आहे. या मास्कमुळे तुमचा गट १०.२०.४.० पासून १०.२०.७.२५५ पर्यंत पसरतो, म्हणजे १,०२४ पत्ते होतात. सवयीने फक्त १०.२०.४ ची ओळ तपासणारा माणूस तीन चतुर्थांश नेटवर्क न पाहताच "सापडत नाही" असे कळवतो.

हे काम फोनवरील ॲपने करण्यास आम्ही सुचवत नाही. आयफोनवर ॲपला स्थानिक नेटवर्कची परवानगी दिलेली नसेल तर यादी रिकामी येते आणि दिली तरी इतरांचे एमएसी पत्ते त्याला वाचता येत नाहीत. अँड्रॉइड १० पासून तेथेही हीच मर्यादा आहे.

९. वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये ॲक्सेस पॉइंटचे नाव, चॅनेल, सगळे दिसते. मग त्याचा आयपी का दिसत नाही?

कारण ॲक्सेस पॉइंट हवेत जी माहिती सतत सोडत असतो तिच्यात नेटवर्कचे नाव, चॅनेल, सुरक्षेचा प्रकार आणि रेडिओचा एमएसी पत्ता, म्हणजेच बीएसएसआयडी असतो; आयपी पत्ता नसतो. रेडिओला आपले काम करण्यासाठी आयपीची गरजच नसते. लहरींकडे कितीही बारकाईने पाहिले तरी तो तेथून मिळणार नाही.

बीएसएसआयडी मात्र धागा म्हणून उपयोगी पडतो. विंडोजवर "नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस" ही आज्ञा सध्या जोडलेला बीएसएसआयडी दाखवते. तो घेऊन डीएचसीपीच्या यादीत किंवा एआरपीच्या यादीत तंतोतंत जुळणारी ओळ शोधू नये, कारण तो ॲक्सेस पॉइंटच्या केबलच्या बाजूच्या एमएसीपेक्षा थोडा वेगळा असतो. कधी शेवटची जोडी एक-दोनने पुढे असते. कधी पहिल्या जोडीतच ७८ ऐवजी ७ए असे दिसते, कारण एकाच रेडिओवर अनेक नेटवर्के चालवताना उपकरण तेथील एक बिट बदलते. मधल्या जोड्या जुळत असतील तर तोच डबा आहे असे बहुतांशी धरून चालावे.

१०. स्कॅन केले, पण गेटवे आणि माझा स्वतःचा लॅपटॉप यांखेरीज काहीच दिसत नाही. असे का?

बहुधा क्लायंट आयसोलेशन चालू आहे. पाहुण्यांच्या नेटवर्कवर ते जवळजवळ नेहमी असते: प्रत्येक उपकरणाला फक्त गेटवेकडे जाता येते, शेजाऱ्याकडे नाही. अशा नेटवर्कवरून कोणतेही साधन कितीही चालवले तरी फरक पडत नाही. मुख्य नेटवर्कला किंवा केबलला जोडूनच शोध घ्यावा.

दुसरे कारण म्हणजे ॲक्सेस पॉइंटचा मॅनेजमेंट पत्ता वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच तारांवर वेगळ्या ठेवलेल्या आभासी नेटवर्कमध्ये, असणे. तुम्ही ज्या वायफायला जोडला आहात ते त्याच डब्यातून येत असले, तरी त्या डब्याचा स्वतःचा पत्ता दुसऱ्याच गटात असू शकतो, आणि चांगल्या रचनेत तो तसाच असायला हवा. एआरपी आपल्या गटापलीकडे पाहू शकत नाही. मग केबली एकत्र जोडणाऱ्या स्विचकडे वळावे लागते, जे प्रश्न १२ मध्ये सांगितले आहे.

हे सर्व आपल्या ताब्यातील किंवा ज्याची परवानगी आहे अशा नेटवर्कवरच करावे. एखाद्या विश्रामगृहाच्या किंवा ग्रंथालयाच्या वायफायवर बसून तेथील कंट्रोलर शोधायचा आहे, असे विचारणाऱ्या पत्रांना आम्ही उत्तर देत नाही.

११. कार्यालयात गेटवेचा पत्ता टाकला की फायरवॉलचे पान उघडते. वायरलेस कंट्रोलरचा पत्ता कसा काढावा?

कंट्रोलरला तुमचा लॅपटॉप ओळखत नाही. त्याला ओळखतात ते ॲक्सेस पॉइंट. म्हणून ॲक्सेस पॉइंट आपला कंट्रोलर कसा शोधतो हे पाहिले की आपल्यालाही तीच वाट मिळते.

पहिली वाट डीएचसीपीची. ॲक्सेस पॉइंटच्या व्हीलॅनसाठी असलेल्या डीएचसीपी सेटिंगमध्ये ४३ क्रमांकाचा पर्याय, आणि काही ठिकाणी १३८ क्रमांकाचा पर्याय, कंट्रोलरचा पत्ता सांगण्यासाठी वापरतात. ४३ मध्ये तो उघड लिहिलेला नसतो. सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या पद्धतीत तेथे "एफ१०४०ए१४२८०५" अशी अक्षरे दिसतील. त्यातील एफ१ हा प्रकार आहे, ०४ म्हणजे पुढे चार बाइट आहेत, आणि ०ए, १४, २८, ०५ यांचे सोळाच्या पायातून दहाच्या पायात रूपांतर केले की १०, २०, ४०, ५ मिळतात. म्हणजे कंट्रोलर १०.२०.४०.५ वर आहे. ०४ च्या जागी ०८ असेल तर दोन कंट्रोलर आहेत आणि पुढे दोन पत्ते सलग आहेत.

दुसरी वाट डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेची. सिस्कोचे ॲक्सेस पॉइंट "सिस्को-कॅपवॅप-कंट्रोलर" हे नाव, अरुबाचे "अरुबा-मास्टर" आणि युनिफायचे नुसते "युनिफाय" हे नाव स्थानिक डीएनएसला विचारतात. तुम्हीही "एनएसलुकअप" या आज्ञेने तेच नाव विचारावे. कोणी ती नोंद केलेली असेल तर पत्ता लगेच येतो.

तिसरी वाट थेट ॲक्सेस पॉइंटला विचारण्याची. युनिफायच्या ॲक्सेस पॉइंटमध्ये एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून कमांड लाइन देणाऱ्या जोडणीने, शिरून "इन्फो" ही आज्ञा दिली की शेवटच्या ओळीत तो कोणत्या पत्त्याशी जोडलेला आहे ते दिसते आणि त्यापुढे बहुधा ८०८० हा पोर्ट, म्हणजे सेवेचा क्रमांक, असतो. तो पोर्ट ॲक्सेस पॉइंटच्या वापराचा आहे. संगणकावर बसवलेल्या कंट्रोलरचे पान पाहण्यासाठी त्याच पत्त्यावर ८४४३ वापरावा लागतो. हा कंट्रोलर पुष्कळदा एखाद्या संगणकावर चालणारी प्रणाली असते आणि तो संगणक बंद केला तरी वायफाय चालूच राहते, त्यामुळे "कंट्रोलर सापडत नाही" याचे उत्तर काही वेळा कोपऱ्यात बंद पडलेला संगणक हेच असते.

चौथी वाट म्हणजे फायरवॉलवरील चालू जोडण्यांची यादी. अनेक ॲक्सेस पॉइंट एकाच पत्त्याच्या ५२४६ आणि ५२४७ या यूडीपी पोर्टांशी बोलताना दिसले तर तो पत्ता कंट्रोलरचा आहे, कारण हे दोन पोर्ट कॅपवॅप या नियमावलीने अनुक्रमे नियंत्रणासाठी आणि माहितीसाठी ठरवून दिलेले आहेत. अर्थात ॲक्सेस पॉइंट आणि कंट्रोलर एकाच व्हीलॅनमध्ये असतील तर त्यांची बोलणी फायरवॉलमधून जातच नाहीत आणि ही वाट बंद होते.

१२. डीएचसीपीत नोंद नाही, स्कॅनमध्ये दिसत नाही. पण ॲक्सेस पॉइंटची केबल कोणत्या स्विचमध्ये जाते ते माहीत आहे. त्यावरून पत्ता मिळेल का?

स्विच व्यवस्थापन करता येण्याजोगा असेल तर मिळण्याची चांगली शक्यता असते. मोठ्या नेटवर्कमधील ॲक्सेस पॉइंट एलएलडीपी या शेजाऱ्याला ओळख देण्याच्या नियमावलीद्वारे स्विचला आपले नाव, प्रकार आणि बहुधा मॅनेजमेंट पत्ता ठरावीक वेळाने सांगत असतात. स्विचवर "शो एलएलडीपी नेबर्स डिटेल" ही आज्ञा देऊन त्या पोर्टासमोरील "मॅनेजमेंट ॲड्रेस" पाहावा. सिस्कोच्या उपकरणांत हेच काम सीडीपी करते आणि आज्ञेत एलएलडीपीच्या जागी सीडीपी येते. दोन्ही बंद असतील तर त्या पोर्टावर शिकलेला एमएसी पत्ता घ्यावा आणि ज्या राउटरवर किंवा राउटरचेही काम करणाऱ्या लेयर ३ स्विचवर त्या व्हीलॅनचा गेटवे आहे, त्याच्या एआरपी यादीत तो शोधावा.

१३. कंट्रोलरचे पान केबलवरून उघडते, वायफायवरून उघडत नाही. पत्ता वेगळा असतो का?

पत्ता तोच असतो; दार मुद्दाम बंद ठेवलेले असते. सिस्कोच्या जुन्या कंट्रोलरवर "मॅनेजमेंट व्हाया वायरलेस" हा पर्याय मुळातच बंद असतो, आणि त्या कंट्रोलरच्या वायफायवरून येणाऱ्या कोणालाही सेटिंग पान दिले जात नाही. घरगुती राउटरवरही पाहुण्यांच्या नेटवर्कला असाच मज्जाव असतो. हा पर्याय सोयीखातर चालू करू नये असे आमचे मत आहे; केबल लावण्याचा त्रास परवडतो.

१४. वायफायला जोडल्यावर लॉगिन पान १९२.०.२.१ किंवा १.१.१.१ या पत्त्यावर उघडते. हाच कंट्रोलर आहे का?

पान कंट्रोलरनेच पाठवलेले आहे, पण तो त्याचा मॅनेजमेंट पत्ता नाही. पाहुण्यांना लॉगिन पान दाखवण्यासाठी कंट्रोलरवर एक आभासी इंटरफेस असतो, आणि त्याला मुद्दाम असा पत्ता देतात जो प्रत्यक्षात कोठेही वापरला जात नाही. १९२.०.२ हा गट दस्तऐवजांतील उदाहरणांसाठी राखीव आहे, म्हणून तो सोयीचा ठरतो. पूर्वी १.१.१.१ देण्याची प्रथा होती. एप्रिल २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरने याच पत्त्यावर सार्वजनिक डीएनएस सेवा सुरू केली, तेव्हा अशा नेटवर्कवर ती सेवा पोचेनाशी झाली. या पत्त्यावर प्रशासकाचे नाव आणि पासवर्ड टाकून पाहू नये. खरा पत्ता प्रश्न ११ मधील वाटांनीच शोधावा.

१५. आमचे ॲक्सेस पॉइंट क्लाउडवरून चालतात. त्यांना स्थानिक पत्ता असतो का?

असतो, पण त्यावर फारसे काही करता येत नाही. सेटिंग्ज उत्पादकाच्या संकेतस्थळावरील खात्यात असतात आणि प्रत्येक ॲक्सेस पॉइंटचा सध्याचा स्थानिक पत्ता तेथेच लिहिलेला मिळतो. मेराकीच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये "एपी.मेराकी.कॉम" टाकले की तुम्ही ज्या ॲक्सेस पॉइंटला जोडला आहात त्याचे छोटे स्थानिक पान उघडते, इंटरनेट बंद पडलेले असताना त्याचा उपयोग होतो.

१६. मेश वायफायच्या प्रत्येक डब्याचा वेगळा पत्ता असतो का?

मेशमध्ये अनेक डबे मिळून एकच वायफाय चालवतात आणि त्यांतील प्रत्येकाला पत्ता असतो. पान सहसा मुख्य डब्याचेच असते. गूगलच्या मेशमध्ये तर ब्राउझरमधून उघडणारे सेटिंग पानच नाही, सर्व काही ॲपमधून होते. तेथे गेटवेवर पान उघडत नाही म्हणून डबा बिघडला असे समजू नये.

१७. नवा ॲक्सेस पॉइंट थेट लॅपटॉपला केबलने जोडला. त्याला पत्ता देणारे कोणीच नाही, मग तो कोणत्या पत्त्यावर असेल?

पत्ता मागून मिळाला नाही की अनेक ॲक्सेस पॉइंट एका ठरलेल्या राखीव पत्त्यावर येऊन थांबतात आणि तो माहितीपत्रकात दिलेला असतो. युनिफायसाठी तो १९२.१६८.१.२० आहे. लॅपटॉपला हाताने त्याच गटातील मोकळा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५० आणि मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवेची जागा रिकामी ठेवावी. लॅपटॉपचे वायफाय बंद करावे, नाहीतर वायफायचा पत्ताही त्याच गटात असल्यास विनंती भलत्याच वाटेने जाते. मग "पिंग" करून उत्तर येते का ते पाहावे. केबलमधून वीज घेणाऱ्या ॲक्सेस पॉइंटला लॅपटॉपकडून वीज मिळत नाही, त्यामुळे मध्ये वीज पुरवणारा इंजेक्टर किंवा स्विच लागतो. काम झाल्यावर लॅपटॉप पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर आणण्यास विसरू नये.

१८. ॲक्सेस पॉइंटचा पत्ता दर काही दिवसांनी बदलतो. तो कायमचा कसा करावा?

मुख्य राउटरवर किंवा डीएचसीपी सर्व्हरवर त्याच्या एमएसीसाठी पत्ता राखून ठेवावा. उपकरणावरच हाताने पत्ता देण्यापेक्षा हे बरे, कारण नोंद एका जागी राहते आणि पुढच्या माणसाला ती यादीत दिसते. हातानेच द्यायचा असेल तर तो वाटपाच्या पल्ल्याबाहेरचा असावा, अन्यथा तोच पत्ता एखाद्या दिवशी कोणाच्या तरी फोनला मिळेल आणि दोघांचेही काम बिघडेल.

१९. काहीच जमले नाही तर रीसेट करावा का?

घरगुती राउटर असेल आणि सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेले जोडणीचे नाव व पासवर्ड हाताशी असतील तर करावा. बहुतेक राउटरवर बटण सुमारे १० सेकंद दाबून धरावे लागते. उपकरण पुन्हा सुरू झाल्यावर लेबलवरचा पत्ता खरा ठरतो. ते नाव व पासवर्ड नसतील तर पान उघडेल, पण इंटरनेट जाईल. कंट्रोलरच्या बाबतीत रीसेट हा उपाय मानूच नये. त्याला कन्सोल पोर्ट असतो, आणि कन्सोल केबल लावून लॉगिन केले की आयपी ठाऊक नसतानाही आत जाता येते व इंटरफेसची यादी वाचता येते.

२०. गेटवेच्या ओळीत आयपी पत्त्याऐवजी एफई८० ने सुरू होणारे काहीतरी लांबलचक दिसते आणि त्याच्या शेवटी टक्क्याचे चिन्ह असते. ते ब्राउझरमध्ये चालत नाही.

तो राउटरचा आयपीव्ही६ मधील स्थानिक पत्ता आहे. आयपीव्ही६ मध्ये राउटर आपली ओळख याच प्रकारच्या पत्त्यावरून देतो, त्यामुळे गेटवे म्हणून तोच दिसणे बरोबर आहे. टक्क्यापुढचा आकडा राउटरचा नसून तुमच्याच संगणकावरील जोडणीचा क्रमांक आहे, म्हणून एका संगणकावरून उतरवून घेतलेला हा पत्ता दुसऱ्यावर तसाच चालत नाही, आणि प्रचलित ब्राउझर तो सहसा स्वीकारतही नाहीत. विंडोजवर "आयपीकॉन्फिग" दिल्यास याच पत्त्याच्या लगेच खालच्या ओळीत, डावीकडे कोणतेही शीर्षक नसताना, टिंबांनी वेगळ्या केलेल्या चार आकड्यांचा नेहमीचा गेटवे लिहिलेला असतो. वरची ओळ वाचून थांबल्यामुळे तो नजरेतून सुटतो. खालची ओळ खरोखरच रिकामी असेल, तर संगणकाला आयपीव्ही४ चा गेटवे मिळालेला नाही. त्याच विभागातील आयपीव्ही४ पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो का ते पाहावे आणि तसे असल्यास प्रश्न ५ प्रमाणे पुढे जावे.